ढलप्या कुणाच्या?

आमच्या वाईच्या घरी न्हाणीत तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. त्यासाठी जळण विकत आणलेलं मला आठवत नाही. शाळा सुटली की आजी पोतं देऊन मला वखारीत पिटाळायची. करवतीखाली पडलेल्या साली, ढलप्या, भुसा, काय मिळेल ते. वखारवाले काका म्हणायचे, "भर बाळा, तेवढीच जागा मोकळी होते."

एका दिवाळीच्या सुट्टीत काकांनी पोतं तराजूवर ठेवायला सांगितलं. भुसा आणि साली आता ट्रकने जात होत्या. दाबून त्यांचा 'पांढरा कोळसा' होणार होता, कारखान्यांच्या बॉयलरसाठी. मी रिकाम्या हाताने परतलो. आजी पोत्याची घडी घालत म्हणाली, "कालपर्यंत कचरा होता. आज माल झाला होय!"

कॉलेजात कार्ल मार्क्सचे सुरुवातीचे लेख वाचताना हे वाक्य अचानक आठवलं.

साल १८४२. मार्क्स २४ वर्षांचा, कोलोनमधल्या एका वृत्तपत्रात लिहीत होता. ऱ्हाईन प्रांतातले गरीब लोक जंगलात गळून पडलेल्या काटक्या, वाळकी लाकडं गोळा करून हिवाळ्यात घर ऊबदार ठेवत. ही जुनी वहिवाट होती. पण उद्योग वाढले, लाकडाला भाव आला आणि जंगलमालकांना खाली पडलेली काटकीसुद्धा आपली वाटू लागली. ती उचलणं म्हणजे चोरी, असा कायदा प्रांताच्या विधानसभेत चर्चेला आला. शिवाय दंडाची रक्कम जायची ती थेट मालकाच्या खिशात!

मार्क्सचा युक्तिवाद साधा होता. उभं झाड तोडणं वेगळं. गळलेल्या काटकीचा झाडाशी संबंध उरतो तो सापाने टाकलेल्या कातीइतकाच. मग चोरी कसली? पुढे १८५९ मध्ये त्याने लिहून ठेवलं, की आर्थिक प्रश्नांकडे आपण पहिल्यांदा वळलो ते अशा वादांमुळे. म्हणजे 'भांडवल'कडे जाणारी वाट सरपणाच्या मोळीपासून सुरू झाली, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडेही हेच घडलं. १८७८ च्या वनकायद्याने जंगलं 'राखीव' झाली आणि गावकऱ्यांची वहिवाट सरकारच्या मर्जीवर आली. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यांचा गुन्हा काय, तर राखीव जंगलात लाकूड तोडायला जाणं.

बंबाची मला फार हळहळ नाही. ओल्या साली घातल्या की न्हाणीभर धूर व्हायचा, आणि फुंकणी आजीच्याच हातात असायची. तिचा खोकला मी विसरलेलो नाही. टाकाऊ लाकडाचा नीट उपयोग होतोय, हेही चांगलंच.

पण कचऱ्यापासून इंधन केल्याचा कौतुकाचा व्हिडिओ फोनवर आला की मी विचारतो : आधी हा कचरा कुणाच्या घरी जळत होता? आणि त्या घरात आता पाणी कशावर तापतं?

आमच्याकडे गिझर आला, म्हणून निभावलं. वखारीत माझ्यासोबत पोतं भरणाऱ्या सगळ्यांकडे आला असेल, असं वाटत नाही.