लॅपटॉप ‘कम्पल्सरी’ कधी झाला?

आजचा प्रश्न साधा आहे. कॉलेजला जायचं तर स्वतःचा कॉम्प्युटर हवाच, हे पहिल्यांदा कोणी ठरवलं? आणि त्याचे पैसे कोणी भरायचे?

आधी जाऊया १९६४ मध्ये. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा तयार केली. सोबत टाइम-शेअरिंगची सोय केली, म्हणजे कॉम्प्युटर एकच, पण अनेक टर्मिनल्सवरून एकाच वेळी अनेक जण तो वापरणार. त्यांचं म्हणणं होतं, लायब्ररीत पुस्तक वाचायला आपण वेगळे पैसे देतो का? मग कॉम्प्युटरचंही तसंच असू दे. तेव्हा मशीन घ्यायचं ते कॉलेजने. विद्यार्थ्याने फक्त येऊन बसायचं.

मग पर्सनल कॉम्प्युटर आला आणि गणित फिरलं. न्यू जर्सीच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटने १९८२ पासून विद्यार्थ्यांना स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायला लावायला सुरुवात केली. पाठोपाठ फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाने १९८३ मध्ये येणाऱ्या सगळ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तोच नियम केला, मग तो इंजिनिअरिंगचा असो की आर्ट्सचा. गंमत म्हणजे ॲपलशी करार झाला तेव्हा मॅकिंटॉश बाजारात आलेलाच नव्हता! तो जाहीर झाला जानेवारी १९८४ मध्ये. मेमरी किती, तर १२८ केबी. आज तुमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. बाजारात किंमत २,४९५ डॉलर, ड्रेक्सेलच्या पोरांना मात्र साधारण १,००० डॉलरला.

ही सवलत का मिळाली? कारण विद्यापीठाने सक्ती केली होती. हजारो मशीन्सची ऑर्डर हातात असली की कंपनीशी घासाघीस करता येते. पुढे नॉर्थ कॅरोलिनाच्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाने १९९६ पासून फी वाढवून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला थिंकपॅड दिला. चॅपल हिलच्या सरकारी विद्यापीठाने २००० पासून लॅपटॉप सक्तीचा केला, पण गरजू विद्यार्थ्यांसाठी अनुदानही ठेवलं. अमेरिकेत आर्थिक मदत ठरवताना कॉम्प्युटरचा वाजवी खर्च शिक्षणाच्या खर्चात धरता येतो. म्हणजे ‘घ्यायलाच पाहिजे’ असं लिहिलं की ‘मग कसा घ्यायचा’ याचं उत्तरही द्यावं लागतं.

आता आपल्याकडे या. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या फक्त १०.७ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. शहरात २३.४, गावात ४.४ टक्के. दोन वर्षांनी लॉकडाऊन लागला आणि सगळं कॉलेज एकदम ऑनलाइन गेलं. किती जणांनी सबमिशनचे पन्नास पानी रिपोर्ट फोनवर, अंगठ्याने टाइप केलेत, ते तुम्हीच आठवा.

मी बीटेक केलं त्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत लॅपटॉपचा उल्लेख कुठेच नव्हता. पण असाइनमेंट्स अशा असायच्या की त्याच्याशिवाय होणारच नाहीत. लॅब पाचला बंद. मग हॉस्टेलवर एका लॅपटॉपभोवती चार जण, आणि ज्याचा लॅपटॉप त्याचा नंबर आधी.

मला वाटतं ही न लिहिलेली सक्ती जास्त वाईट. लिहिलेला नियम दाखवून सवलत मागता येते, कर्ज मागता येतं, निदान भांडता तरी येतं. न लिहिलेल्या नियमात ज्याच्याकडे मशीन नाही तो फक्त ‘मागे पडलेला’ ठरतो आणि दोषही त्याचाच धरला जातो.

म्हणून ॲडमिशनच्या वेळी दोन प्रश्न नक्की विचारा : लॅपटॉप लागणार आहे का, हे लेखी द्याल? आणि नसेल तर लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते?

उत्तर काय मिळालं ते आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात!