झाकण्याची कला आणि उघडण्याची आठवण



घराच्या खिडकीला तेलरंग द्यायचा झाला, म्हणजे कसबी रंगारी ब्रश उचलण्यापूर्वी काचांवर कागद चिकटवितो. रंग कोठे लागावा, याच्या आधी तो कोठे लागू नये, हे त्याला ठरवावे लागते. विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती रंगविताना त्यांचे कॉकपिट आणि इतर उघड्या जागा कशा झाकतात, या आमच्या आजच्या विषयाचे मर्म एवढेच आहे. पोराटोरांच्या खेळाला व्याख्यानमालेत जागा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्ही शेवटी देऊ.

या छंदाला आजचे रूप मुख्यतः इंग्लंडात आले. १९३२ च्या सुमारास जेम्स हे स्टीव्हन्स यांचे ‘स्कायबर्ड्स’ हे लाकडी संच निघाले. त्यांचे प्रमाण बहात्तरास एक होते. म्हणजे सहा फुटी माणूस तेथे एक इंचाचा. १९३६ साली ‘फ्रॉग’ने प्लॅस्टिकचे संच आणले आणि ते उडत नसत म्हणून त्यांना ‘पेंग्विन’ हे न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव दिले. पुढे युद्ध आले. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील मुलांकडून याच प्रमाणाच्या पाच लाख प्रतिकृती मागविल्या. आकाशातील आकृतीवरून शत्रूचे विमान कोणते व आपले कोणते, हे सैनिकांना ओळखता यावे, हा हेतू. त्या प्रतिकृती भरीव लाकडाच्या आणि काळ्या रंगाच्या. काचच नव्हती, तेव्हा झाकायचे तरी काय?

पुढे १९५३ साली ‘एअरफिक्स’चे स्पिटफायर निघाले आणि पॉलिस्टायरीनचे स्वस्त संच घरोघर पोचू लागले. कॉकपिटावर पारदर्शक छत बसविणे ही नित्याची गोष्ट झाली, आणि अडचण येथेच सुरू झाली. खऱ्या छताच्या चौकटीची पट्टी इंचभर रुंद धरली, तर प्रतिकृतीत ती मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढी भरते. चौकटीला रंग हवा, काचेला नको. जर्मनांच्या हाइंकेल १११ या बाँबफेकी विमानाचे तर सारे नाकच काचांचे. तेथे नुसत्या हाताच्या स्थैर्यावर विसंबून कसे चालावे?

या अडचणीवरचा तोडगा आला मोटारींच्या कारखान्यांतून. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची हौस बोकाळली होती. दोन रंगांची सीमारेषा नीट यावी म्हणून रंगारी कागद चिकटवीत. पण तो काढताना खालचा ताजा रंगही सोलून निघे. सेंट पॉल येथील एका सँडपेपर बनविणाऱ्या कंपनीत रिचर्ड ड्रू नावाचा तरुण होता. सँडपेपरची चाचणी घेण्यासाठी तो मोटारी रंगविण्याच्या कारखान्यात गेला असता त्याने रंगाऱ्यांचा हा संताप ऐकला आणि नीट चिकटेल, पण निघताना काही ओरबाडून नेणार नाही, अशी पट्टी शोधण्याच्या मागे तो लागला. १९२५ साली ती साधली. सुरकुत्यांच्या कागदाची ती पट्टी म्हणजेच मास्किंग टेप. जपानात कुराशिकी येथील कामोई कंपनीची कथा अशीच मौजेची आहे. १९२३ साली ती निघाली माश्या पकडण्याचा चिकट कागद करण्यासाठी. पुढे तिनेच ‘वाशी’ या पातळ जपानी कागदाची मास्किंग टेप केली. अशी पातळ टेप प्रतिकृतीकारांना फार मानवते. ‘एडुआर्ड’ या चेक कंपनीसारखे उत्पादक तर एकेका विमानाच्या काचांच्या मापाने आधीच कापलेले तुकडे विकतात.

आता कृतीकडे वळू. कॉकपिटाचे अंतरंग आधी रंगवायचे आणि मग ते तोंड ओल्या टिपकागदाने किंवा स्पंजाच्या तुकड्याने बुजवायचे. चाकांची खोबणी आणि इंजिनाची तोंडे यांनाही तोच उपाय. काचांवर टेप लावून कडा काडीने दाबायच्या. चौकटीवर पहिला हात आतल्या रंगाचा द्यायचा. म्हणजे काचेतून पाहिले, तर चौकट आतून योग्य रंगाची दिसते. बाहेरचा रंग त्यावर. शेवटी टेप स्वतःवरच दुमडून, सावकाश ओढून काढायची. या शेवटच्या पायरीला आम्हीही एकदा फसलो आहोत. टेप आठवडाभर तशीच राहिली. काढली, तेव्हा काचेवर डिंकाचे डाग आणि कडेचा रंग टेपेबरोबर! त्या दिवशी आम्हाला कळले, की झाकणे हे अर्धेच काम आहे.

ही अर्धी गोष्ट विसरली, तर प्रतिकृतीचे फार तर आठवडाभराचे श्रम जातात. खऱ्या विमानाचे काय होते, ते पेरूची राजधानी लिमा येथे दिसले. विमानाच्या अंगावर बाहेरच्या हवेचा दाब मोजणारी लहान छिद्रे असतात. उंची आणि वेग सांगणारी उपकरणे त्यांवर अवलंबून. एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ धुताना ती छिद्रे टेपने झाकली होती, ती योग्यच. पण टेप काढायची राहिली. टेप चंदेरी, विमानाच्या चकाकीत मिसळून जाणारी. काम तपासणाऱ्यांना ती दिसली नाही, वैमानिकालाही दिसली नाही. २ ऑक्टोबर १९९६ च्या मध्यरात्रीनंतर विमान उडाले. वैमानिकांना उपकरणे भलतेच सांगत होती. त्यांनी जमिनीवरच्या नियंत्रकाला उंची विचारली. पण नियंत्रकाकडे येणारा आकडाही त्याच विमानातून जात होता! उपकरण सुमारे ९,७०० फूट दाखवीत असताना पंख समुद्राला लागला. विमानातील सत्तरही माणसे गेली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. विमानांच्या नाजूक नळ्यांवरील आच्छादनांना लाल फिती लोंबतात आणि त्यांवर ‘उड्डाणापूर्वी काढा’ असे लिहिलेले असते. तात्पुरते झाकण डोळ्यांत खुपले पाहिजे, ही अक्कल त्या लाल रंगात आहे. आमचे सांगणे एवढेच, की जो मुलगा बोटभर विमानाची टेप आठवणीने, एकेक तुकडा मोजून काढतो, तो खेळत असला, तरी एक मोठी शिस्त शिकत असतो. उद्या खऱ्या विमानाभोवती फेरी मारणारा माणूस त्याच्यातूनच निघायचा आहे.