अनध्याय : योगशिक्षकाच्या विसरलेल्या सुट्टीचा इतिहास

१/१२
शिक्षकाने कोणत्या दिवशी शिकवू नये, याची यादी भारतीय परंपरेने दोन हजार वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. तिचे नाव ‘अनध्याय’. नाताळ ते नववर्ष या हंगामात आज अनेक योगशिक्षक एकही दिवस न थांबता शिकवत असतात. त्यांच्या थकव्याचा इतिहास या यादीपासून सुरू होतो.

२/१२
वेदाध्ययन केव्हा थांबवावे, याची चर्चा धर्मसूत्रांपासून आढळते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी आणि चतुर्दशी या तिथी वर्ज्य सांगितल्या आहेत. चतुर्दशीचे अध्ययन शिष्याला घातक, तर अमावास्येचे थेट गुरूला! कृष्ण व शुक्ल पक्ष मिळून महिन्याकाठी सहा दिवस पाठ बंद.

३/१२
याज्ञवल्क्यस्मृती यांत ३७ तात्कालिक अनध्यायांची भर घालते : विजांचा कडकडाट, धुळीचे वादळ, धुके, कोल्हेकुई, भीतीचा प्रसंग, घरी शिष्ट पाहुणा येणे. याच यादीत शूद्र वा अंत्यज जवळ असणे हेही एक कारण आहे. म्हणजे विश्रांतीची ही व्यवस्था बहिष्काराच्या व्यवस्थेपासून वेगळी नव्हती, हे विसरता येत नाही.

४/१२
अनध्यायामागची कारणे शुचिर्भूततेची व भयाची होती. आरोग्याचा विचार त्यात दिसत नाही. तरीही परिणाम महत्त्वाचा. सुट्टी पंचांगात बांधलेली असल्यामुळे ती कोणाला मागावी लागत नसे. गुरू थकला आहे की नाही, हा प्रश्नच उद्भवत नसे. तिथी आली की पाठ थांबे.

५/१२
आता हठयोगाकडे वळू. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या ‘हठप्रदीपिके’त योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी दिल्या आहेत : अतिआहार, अतिश्रम, अतिबडबड, नियमांचा हट्ट, लोकांचा सहवास आणि चंचलता. ‘ज्योत्स्ना’ टीकेचा कर्ता ब्रह्मानंद नियमांच्या हट्टाचे उदाहरण म्हणून पहाटेच्या थंड पाण्याच्या स्नानाकडे बोट दाखवतो.

६/१२
ही यादी आजच्या योगशिक्षकाच्या दिनक्रमाशेजारी ठेवून पाहावी. दिवसाला चार-पाच वर्ग म्हणजे अतिश्रम. तासन्‌तास सूचना देणे म्हणजे अतिबडबड. सतत नवे चेहरे म्हणजे जनसंग. साधकाने जे टाळावे असे ग्रंथ सांगतो, त्यांपैकी निम्म्या गोष्टी या व्यवसायाचा गाभाच बनल्या आहेत.

७/१२
स्वात्माराम साधकाला केवळ संयम शिकवून थांबत नाही. साधनेची कुटी कोठे असावी? जेथे राज्य चांगले, प्रदेश धार्मिक, भिक्षा मुबलक आणि उपद्रव नाही, अशा ठिकाणी, असे तो सांगतो. एकांताला पोट भरण्याची हमी लागते, हे त्याला पक्के ठाऊक होते. साधकाची विश्रांती त्याच्या भोवतीच्या समाजावर अवलंबून होती.

८/१२
विसाव्या शतकात ही चौकट बदलली. २५ डिसेंबर १९१८ रोजी, म्हणजे ऐन नाताळात, श्रीयोगेंद्र यांनी मुंबईत वर्सोव्याला ‘द योग इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम उभारले. योग कुटीतून संस्थेत आला. गृहस्थांना, रुग्णांना, विद्यार्थ्यांना तो खुला झाला. हे लोकशाहीकरण मोठेच होते. मात्र त्याबरोबर वर्ग, वेळापत्रक आणि शुल्कही आले.

९/१२
या नव्या शिक्षकाची झीज बी. के. एस. अय्यंगारांच्या तारुण्यात दिसते. जाहीर प्रात्यक्षिकात गुरू कृष्णम्माचार्यांच्या आज्ञेवरून पूर्वतयारीविना केलेल्या हनुमानासनाने त्यांच्या मांडीचे स्नायू दुखावले होते. १९३७ मध्ये, अठराव्या वर्षी, ते सहा महिन्यांच्या करारावर पुण्यात आले. मराठी येत नव्हती, उत्पन्न तुटपुंजे होते आणि शिष्य त्यांच्याहून धडधाकट. तशातही त्यांनी स्वतःचा दीर्घ सराव अध्यापनापासून वेगळा राखला आणि तो शिरस्ता उतारवयापर्यंत सोडला नाही. वर्गात आसन करून दाखवणे आणि स्वतःसाठी आसन करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, याची ही जाण होती.

१०/१२
अनध्यायाचा धागा मात्र म्हैसूरला टिकला. तेथील संस्कृत पाठशाळेत १९३७ ते १९७३ या काळात योग शिकवणाऱ्या पट्टाभि जोइस यांच्या अष्टांग परंपरेत अमावास्या-पौर्णिमेला सराव बंद असतो. पाश्चात्त्य विद्यार्थी त्याचे स्पष्टीकरण चंद्राच्या आकर्षणात शोधतात. पण या तिथींचे पाठशाळेच्या पंचांगाशी असलेले नाते लपत नाही. त्यामुळे न्यूयॉर्क वा लंडनमधली एखादी अष्टांग शाळा पौर्णिमेला दार बंद ठेवते, तेव्हा ती नकळत एक प्राचीन रिवाज पाळत असते.

११/१२
आजचा पेच अर्थव्यवहाराचा आहे. पावसाळा सरला की गोव्यात मांद्रे, आगोंद, पाळोळे येथे योगशिबिरांचा हंगाम सुरू होतो आणि वर्षअखेरीस पर्यटकांची गर्दी शिगेला पोहोचते. युरोप-अमेरिकेत सणांचे विशेष वर्ग संपतात न संपतात तोच नववर्षाच्या संकल्पांची लाट येते. ज्याला वर्गागणिक मानधन मिळते, त्याची सुट्टी म्हणजे बुडालेली कमाई. बसलेला आवाज आणि दुखरी कंबर घेऊन तो इतरांना विश्रांतीचे महत्त्व सांगत राहतो.

१२/१२
अशा शिक्षकाला ‘स्वतःची काळजी घ्या’ एवढेच सांगणे म्हणजे अनध्यायाचे सगळे ओझे एकट्याच्या खांद्यावर टाकणे होय. जुन्या व्यवस्थेतले सोवळे-ओवळे तेथेच राहू द्यावे. घेण्याजोगी गोष्ट एकच आहे. बंदचे दिवस हंगामाआधी जाहीर व्हावेत, सर्वांना ठाऊक असावेत आणि त्यांची भरपाई मासिक शुल्कातच धरलेली असावी. शिष्यांनीही त्या दिवशी दार ठोठावू नये. अमावास्येला शिकवले तर गुरूचा घात होतो, असे मनुस्मृती सांगत होती. तिथीचे भय आज कोणी बाळगणार नाही. गुरूचा घात होऊ शकतो, हे मात्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोणत्याही योगशाळेत दिसेल.