माथेरान : मोटार दस्तुरीवरच का थांबते?

१/ मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली. मुंबईची मोटार बोटीतून थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागली. किहीमसारख्या गावांतील वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यांपुढे प्रश्न उभा राहिला : रस्ता वाहनांचा की गावाचा?

२/ याच रायगड जिल्ह्यातील माथेरानने आपले उत्तर फार पूर्वीच दिले आहे. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात; पुढे लोक पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षाने जात असत. फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला.

३/ परंतु या शांततेचा भार माणसांच्या खांद्यांवर होता. चढणीवर रिक्षा ओढणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मे २०२२ मध्ये ई-रिक्षांच्या प्रायोगिक वापरास परवानगी मिळाली. अश्वपालकांचा मात्र विरोध होता. त्यांचीही चूल याच रस्त्यावर पेटत होती.

४/ ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

५/ रस्ता शांत करताना ती शांतता कोणाच्या श्रमांवर उभी आहे, हे विचारावेच लागते. माथेरानात तो प्रश्न रिक्षा ओढणाऱ्यांनीच विचारला.