नुकसानभरपाईच्या हप्त्यांची एकरकमी विक्री

अपघातग्रस्ताला किंवा मृताच्या वारसांना दरमहा वा दरसाल मिळायचे भरपाईचे हप्ते दुसऱ्याच्या नावे करून देणे आणि त्या बदल्यात वटाव कापून उरलेली रोख रक्कम एकदम घेणे, असा हा व्यवहार. तो मुख्यतः अमेरिकेतला. तिथे 1982 च्या कायद्याने हप्त्यांच्या भरपाईवरील करसवलत पक्की केली आणि पुढे असे हप्ते विकत घेणाऱ्या कंपन्यांचा धंदाच उभा राहिला.

या व्यवहाराचा जीव वटावाच्या दरात आहे. दरमहा 10,000 रुपये दहा वर्षे मिळणार असतील, तर बेरीज 12 लाख होते. वार्षिक 8 टक्के दराने त्यांची आजची किंमत सुमारे 8 लाख 24 हजार. 18 टक्के दराने जेमतेम साडेपाच लाख. हप्ते तेच, मुदत तीच, फरक पावणेतीन लाखांचा. विकणारा बहुधा दवाखान्याच्या बिलाने किंवा थकलेल्या कर्जाने गांजलेला असतो. हातात किती पडणार एवढेच तो पाहतो. दर विचारत नाही. म्हणून इलिनॉय राज्याने 1997 मध्ये अशा विक्रीला न्यायालयाची परवानगी सक्तीची केली. 2002 च्या संघीय कायद्यानुसार, विक्री विकणाऱ्याच्या व त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या हिताची आहे असा न्यायालयीन आदेश नसेल, तर खरेदीदाराला वटावाच्या रकमेवर 40 टक्के कर भरावा लागतो. तरीही शिसेयुक्त रंगाने लहानपणी विषबाधा झालेल्या बाल्टिमोरच्या तरुणांनी आपले हप्ते कवडीमोलाने विकल्याचे 2015 मध्ये उघड झाले. परवानगी देणाऱ्याने नीट चौकशी केली नाही, तर नुसता कायदा पुरत नाही.

भारतात अशा विक्रीचा रूढ बाजार नाही. इथे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मुळात एकरकमी आकडा ठरवते. सरला वर्मा खटल्यातील 2009 च्या निकालाप्रमाणे मृताच्या वयानुसार गुणक लागतो: 26 ते 30 वयाला 17, तर 56 ते 60 वयाला 9. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या उत्पन्नातून त्याचा वैयक्तिक खर्च वजा करून उरलेल्या वार्षिक रकमेला हा गुणक लावतात. म्हणजे भावी कमाई आधीच रोखीत बदललेली असते. मग ती रक्कम पुन्हा बांधून ठेवली जाते. गुजरात उच्च न्यायालयाची 1982 ची मार्गदर्शक सूत्रे सर्वोच्च न्यायालयाने सुसम्मा थॉमस खटल्यात उचलून धरली. अज्ञान मुलांची रक्कम सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहते. निरक्षर दावेदाराचीही ठेवीतच जाते. पण शेतीची अवजारे किंवा रिक्षा घेऊन पोट भरता येणार असेल, तर खात्री करून न्यायाधिकरण ती मोकळी करू शकते. उपचारांसाठीही अर्ज करता येतो. परवानगीशिवाय ठेव मोडायची नाही, तिच्यावर कर्ज द्यायचे नाही, असा शेरा बँकेला पासबुकावर मारायला लावतात.

या बंधनाची दुसरी बाजूही आहे. सुशिक्षित, व्यवहार कळणाऱ्या दावेदारांचे पैसेही यांत्रिकपणे अडकवले जात होते. ए. व्ही. पद्मा खटल्यात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत चुकीची ठरवली. अमेरिकन पद्धतीच्या सर्वांत जवळची व्यवस्था म्हणजे मोटार अपघात दावे वार्षिकी ठेव योजना. दिल्ली उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने ती 2019 पासून सुरू झाली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या देशभर अंमलबजावणीचे निर्देश दिले. यात मुद्दल व व्याज मिळून मासिक हप्ता खात्यात येतो. मुदतीआधी रक्कम हवी असेल, तर न्यायालयाकडेच जावे लागते. हप्ते विकत घ्यायला सावकार दारात येऊ शकत नाही, हा या रचनेचा सर्वांत मोठा गुण.

अनेक भारतीय कामाला जातात त्या संयुक्त अरब अमिरातीत प्रश्न उलटा आहे. 2003 च्या कायदादुरुस्तीने दिया, म्हणजे मृत्यूबद्दल वारसांना द्यायची रक्कम, 2,00,000 दिरहम ठरली. 6 जून 2019 रोजी मस्कतहून येणाऱ्या बसला दुबईत अपघात होऊन 17 जण दगावले, त्यांत 12 भारतीय होते. खालच्या न्यायालयाने चालकाला शिक्षेसोबत एकूण 34 लाख दिरहम दिया द्यायला सांगितले. कामावरील मृत्यूसाठी 2022 च्या नियमांत 24 महिन्यांचे मूळ वेतन आहे. किमान 18,000 आणि कमाल 2,00,000 दिरहम. या दोन्ही रकमा एकरकमी, त्यामुळे विकायला हप्तेच नसतात. शिवाय येणे असलेली रक्कम तिसऱ्याला कमी किमतीत रोखीने विकणे बहुसंख्य इस्लामी कायदेपंडित व्याजासारखेच निषिद्ध मानतात.

मात्र रत्नागिरी किंवा साताऱ्यातल्या घरी हा पैसा पोचतो तेव्हा त्यावर न्यायाधिकरणाचा शेरा नसतो. देणेकरी, नातलग, जमिनीचे दलाल सगळे एकदम आठवण काढतात. अशा वारसांनी निकडीचे देणे भागवून उरलेली रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेच्या मासिक व्याजाच्या ठेवीत किंवा डाकघर मासिक उत्पन्न योजनेत स्वतःच्या नावे ठेवावी आणि पहिल्या वर्षात कोणालाही मुखत्यारपत्र लिहून देऊ नये.