लेखनाची प्रेरणा : दोन पुस्तकांमधील अंतर

माणूस लिहिता का होतो, या प्रश्नाचे उत्तर साहित्यशास्त्राने बहुधा लेखकाच्या ठायीच शोधले आहे. मम्मटाने अकराव्या शतकात शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे काव्याचे हेतू म्हणून सांगितले आणि यश, अर्थ इत्यादी प्रयोजने त्यांपासून वेगळी काढली. हेतू लेखकाच्या सामर्थ्याकडे पाहतो, प्रयोजन फळाकडे. परंतु ज्याला लेखक व्हायचेच नव्हते अशा माणसाच्या हाती लेखणी येते, तेव्हा ही विभागणी अपुरी पडते.

मनोरहून महामार्गाने उत्तरेस गेले की तलासरीचा परिसर लागतो. आज पालघर जिल्ह्यात असलेला हा भाग त्या काळी ठाणे जिल्ह्यात होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबणारा ‘लग्नगडी’ आणि जमीनदाराची वेठ या येथील रूढ गोष्टी होत्या. मे १९४५ मध्ये झरी येथील सभेत वारल्यांनी त्या नाकारल्या. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला झालेल्या पोलिसी गोळीबारात पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. किसान सभेच्या वतीने या लढ्याचे नेतृत्व शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी केले.

या एकाच अनुभवातून दोन पुस्तके झाली. शामरावांनी वारल्यांच्या उठावावरील आपली इंग्रजी पुस्तिका १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. गोदावरीबाईंचे मराठी पुस्तक ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आले १९७० साली. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पहिल्या लेखनाची निकड उघड आहे : लढा चालू होता आणि बाहेरच्या जगापुढे त्याची बाजू मांडायची होती. दुसऱ्याची निकड कोणती?

१९६५ मध्ये शामरावांचे निधन झाले. तेव्हा या पुस्तकाकडे वियोगातून आलेले स्मरण म्हणून पाहण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पुस्तकाच्या केंद्रस्थानी पती नाही, आणि निवेदन करणारी ‘मी’ही नाही. या ‘मी’चे काम प्रामुख्याने ऐकण्याचे आहे. पुण्यात वाढलेली, कायद्याची पदवी घेतलेली ही स्त्री झोपड्यांतून राहते, भयाने मुके झालेले लोक हळूहळू बोलू लागतात आणि त्या बोलण्याने तिचीही समज बदलत जाते. शीर्षकातील ‘माणूस’ त्यामुळे एकवचनी असूनही एकटा उरत नाही.

येथे प्रेरणेचा उगम लेखकाच्या अंतरंगात नसून ऐकलेल्या शब्दाच्या ऋणात आहे, असे म्हणता येईल. ज्या समाजाला लिखित अक्षर मुख्यत्वे सावकाराच्या कागदातूनच भेटले, त्याचे बोलणे अक्षरात आणणे ही त्या ऋणाची फेड होय. त्वरेने लिहिलेल्या पुस्तिकेत घटना नोंदवता येते. पण समोरच्याचे बोलणे आपल्यात काय करून गेले, हे कळायला काळ जावा लागतो. दोन पुस्तकांमधील तेवीस वर्षे म्हणजे प्रेरणेचा अभाव नव्हे. तो तिच्या परिपाकाचा काळ आहे.

हे मान्य केले तर समीक्षेवरही एक जबाबदारी येते. अशा कृतीचे श्रेय केवळ लेखिकेच्या प्रतिभेला देणे म्हणजे ज्यांनी आधी तोंड उघडण्याचे धाडस केले, त्यांना पुन्हा एकदा निःशब्द करणे होय. लेखणी गोदावरीबाईंची होती. पहिला शब्द वारल्यांचा होता.