उठतानाचे दुखणे

पंचेचाळीस ते पंचावन्न या वयातल्या बाईला सकाळी उठताना काय होते, हे आपल्या घरांतून सर्वांना माहीत असते. कूस वळवताना कंबर धरते. पाय जमिनीला टेकले की टाचा ठणकतात. बोटांची मूठ मिटत नाही आणि चहाचे पातेले सांडशीने उचलवत नाही. वीस-पंचवीस मिनिटे हालचाल झाली की अंग मोकळे होते, आणि मग दिवसभर कोणी त्याचे नाव काढत नाही. विचारलेच तर 'अंग आंबलंय', नाहीतर 'वात आहे' एवढे उत्तर मिळते. मराठीत या दुखण्याला शब्द भरपूर आहेत. आखडणे, धरणे, आंबणे, ठणकणे, ताठणे, भरून येणे. पण पाळी जाण्याशी त्याचे नाते सांगणारा शब्द त्यांत एकही नाही.

हे नाते पूर्वी कोणाला दिसले होते काय, आणि दिसले असेल तर ते पुढे कुठे हरवले, हे पाहण्यासाठी मी वैद्यकाची जुनी-नवी पुस्तके चाळली. मी वैद्य नव्हे, इतिहासाची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे औषध कोणते घ्यावे हे माझ्याकडून कोणी अपेक्षू नये.

सुश्रुताला पाळीचे वय ठाऊक होते. ती बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला, शरीर जरेने पिकले म्हणजे थांबते, असे त्याने सांगून ठेवले आहे. आज भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. वाग्भटाने दुसरी गोष्ट सांगितली. वाताचा जोर वयाच्या शेवटी असतो, दिवसाच्या शेवटी असतो, रात्रीच्या शेवटी असतो आणि अन्न जिरून गेल्यावर असतो, असा त्याचा हिशेब. तो वाचून मी थबकले. उतरते वय आणि सरती रात्र ही दोन्ही त्याने एकाच सूत्रात ओवली आहेत. आपल्या आज्या पहाटे उठताना 'वायूनं धरलं गं' म्हणत, तेव्हा त्या नकळत वाग्भटच बोलत होत्या. पण सुश्रुताची पन्नाशी आणि वाग्भटाची पहाट यांची गाठ पडलेली नाही. पाळी थांबणे हाही म्हातारपणाचा भाग आणि वात हाही म्हातारपणाचा भाग. दोन्ही एकाच झाडाची फळे मानली, की एकामुळे दुसरे होते काय, हा प्रश्नच उरत नाही.

घरगुती उपाय मात्र ठरलेले होते. निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, तिळाचे कोमट तेल, थंडीत डिंकाचे आणि मेथीचे लाडू. (दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला घरातल्या सगळ्यांना तेल चोळणाऱ्या बाईच्या पाठीला तेल कोण लावी, हे विचारण्याची पद्धत नव्हती.) पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईचे खांदे दळणामुळे धरतात असे पूर्वी म्हणत. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती अंगणात पालथी पडली. खांदे धरायचे ते धरतच राहिले. तेव्हा सगळा दोष कष्टांवर टाकून चालण्यासारखे नाही.

हिपोक्रॅटिस या ग्रीक वैद्याच्या नावावर जी सूत्रे आहेत, त्यांत एक असे आहे की पाळी थांबल्याखेरीज स्त्रीला गाउट होत नाही. गाउट म्हणजे यूरिक आम्ल सांध्यात साठून येणारी सूज. इस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरक मूत्रपिंडावाटे यूरिक आम्ल बाहेर टाकायला मदत करते, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. पण पाळी आणि सांधा यांचे काही देणेघेणे आहे, हे कोणीतरी सुमारे २४०० वर्षांपूर्वी नुसत्या डोळ्यांनी पाहिले होते.

'मेनोपॉझ' हा शब्द त्या मानाने कालचा आहे. गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टराने तो १८२१ साली आपल्या ग्रंथाच्या नावात घातला. त्याआधी १८१६ मध्ये त्याने थोडे वेगळे रूप वापरून पाहिले होते. महिना आणि थांबणे या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. आपला 'रजोनिवृत्ती' हा शब्दही त्याच घडणीचा. काय थांबले ते तो सांगतो, काय सुरू झाले ते सांगत नाही. पुढे १८५७ मध्ये लंडनच्या एडवर्ड टिल्टने या विषयावर इंग्रजीत मोठे पुस्तक लिहिले. त्यातली कारणमीमांसा आज कोणी मानणार नाही, पण बायकांच्या तक्रारी ऐकून त्या टिपून ठेवण्याचा सोस त्याला होता, आणि ही गोष्ट लहान नव्हे.

सांध्याची आणि पाळीची गाठ उघडपणे मारली ती १९२५ साली, अमेरिकेत. रसेल सेसिल आणि बेंजामिन आर्चर या दोन डॉक्टरांनी पन्नास रुग्णांची हकीकत छापली आणि दुखण्याला 'मेनोपॉझचा संधिवात' असे सरळ नाव दिले. गुडघे आणि बोटांची पेरे हे त्याचे मुख्य ठिकाण. हे नाव टिकते तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता असे मला वाटते. ते टिकले नाही.

१९५२ साली इंग्लंडात केलग्रेन आणि मूर यांनी मध्यम वयाच्या बायकांत दिसणाऱ्या याच संधिविकाराचा बारकाईने अभ्यास केला. बोटांच्या टोकांच्या सांध्यांवरच्या गाठी, अंगठ्याचे मूळ, गुडघे, मणके हे सगळे त्यांनी नीट मांडले. काम उत्तम होते. पण त्यांनी दुखण्याला जे नाव दिले ते सर्वांगीण अस्थिसंधिविकार अशा अर्थाचे होते, आणि त्यात पाळीचा उल्लेख नव्हता. सांध्यांच्या डॉक्टरांच्या दप्तरातून पाळी गेली ती अशी.

दुसऱ्या बाजूला काय चालले होते? १९२९ साली इस्ट्रोजेनचा पहिला प्रकार शुद्ध रूपात हाती आला. १९४२ मध्ये गाभण घोडीच्या मूत्रापासून केलेल्या प्रेमॅरिन नावाच्या गोळ्या अमेरिकेत विकू लागल्या. औषध आले की गुण किती येतो हे मोजण्याचे माप लागते. ते माप १९५३ साली न्यूयॉर्कच्या कुपरमन आणि त्याच्या सोबत्यांनी तयार केले. अकरा तक्रारींचे एक पत्रक. प्रत्येक तक्रारीला तीव्रतेप्रमाणे शून्य ते तीन गुण द्यायचे आणि मग त्या त्या तक्रारीच्या वजनाने गुणायचे. अंगातून वाफा निघाव्यात तशी एकाएकी येणारी जी लाट, तिला वजन चार. झोप न येणे, हातापायांना मुंग्या आणि चित्ताची अस्वस्थता यांना दोन दोन. सांधे आणि स्नायू दुखण्याला एक. म्हणजे एकंदर ५१ गुणांत लाटेला जास्तीत जास्त १२ आणि अंगदुखीला ३. ही वजने कोणत्या तराजूत ठरली? संप्रेरकाने लाट चटकन थांबते, म्हणून लाटेला मान मोठा, असाच याचा अर्थ मी लावते. ज्या दुखण्याला औषध तयार आहे ते दुखणे मोठे, हा व्यवहार बाजारात शोभतो. परंतु हेच पत्रक पुढे कित्येक दशके देशोदेशी वापरले गेले. बायकांनी अंगदुखी सांगितली नाही असे नव्हे. सांगितली, लिहूनही घेतली, आणि तिला एक गुण मिळाला.

एका वर्षाच्या अंतराने दोन्ही दारे लागली. सांध्यांचा डॉक्टर पाळीविषयी विचारीना आणि पाळीचा डॉक्टर सांध्यांना जमेत धरीना.

या मापाला पहिला मोठा धक्का जपानने दिला. कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठात शिकवणाऱ्या मार्गारेट लॉक यांनी १९८० नंतरच्या दशकात तिथल्या ४५ ते ५५ वर्षांच्या हजाराहून अधिक बायकांना प्रश्न विचारले, आणि त्यावरचा ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. कॅनडा-अमेरिकेत तिघींत एक बाई लाटेची तक्रार सांगत होती. जपानमध्ये ती फारच थोड्या जणींनी सांगितली. तिथे यादीच्या शिरोभागी होते खांद्यांचे आखडणे. निम्म्याच्या आसपास बायकांनी ते सांगितले. जपानी भाषेत पन्नाशीत धरणाऱ्या खांद्याला 'गोजूकाता' म्हणजे 'पन्नाशीचा खांदा' असा रोजच्या बोलण्यातला शब्दच आहे. तो पुरुषांनाही लावतात, हे सांगितले पाहिजे. पण वयाचा आकडाच दुखण्याच्या नावात घालणारी ती भाषा मला फार शहाणी वाटते.

आपल्याकडचा अनुभव उलट सांगतो. मार्शा फ्लिंट यांनी १९७५ साली ४८३ राजपूत बायकांविषयी लिहिले, की पाळी जाण्याचा त्यांना जवळजवळ काहीच त्रास नव्हता, उलट पडदा सुटल्याचे सुखच होते. महाराष्ट्रातही विटाळ सुटलेली बाई सोवळ्याच्या स्वयंपाकाला मोकळी होई, तिचा घरातला मान वाढे. ते सुख खरेच. पण 'पाळी गेल्यावर काय त्रास होतो' असे विचारल्यावर आपल्याकडची कोणती बाई कंबर सांगेल? ती म्हणेल, कंबर कामाने दुखते.

अखेर पुरावा आला तो भलत्याच वाटेने. २००२ च्या जुलैत अमेरिकेतला १६,००० हून अधिक बायकांवरचा संप्रेरकांचा मोठा प्रयोग धोका दिसल्यामुळे मध्येच थांबवला गेला. गोळ्या सुटलेल्या बायकांचे पुढे काय झाले याची पाहणी २००५ मध्ये छापून आली. संप्रेरक घेत आलेल्यांपैकी शेकडा ३६.८ जणींनी दुखणे किंवा आखडणे सांगितले, नुसत्या लुटुपुटीच्या गोळ्या घेतलेल्यांत हे प्रमाण २२.२ होते. त्याच वर्षी फेल्सन आणि कमिंग्ज यांनी दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधले. स्तनांच्या कर्करोगावर इस्ट्रोजेनचा उरलासुरला थेंबही आटवणारी औषधे देतात. ती घेणाऱ्या पुष्कळ बायकांचे सांधे दुखू लागतात आणि सकाळी हात आखडतात. संप्रेरक काढून घेतले की काय होते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

२०२४ साली अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञ व्होंडा राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साऱ्याला एक नाव दिले. सांधे, स्नायू, हाडे यांचा मेनोपॉझचा लक्षणसमूह, असा त्याचा अर्थ. शंभरांत सत्तरांहून अधिक बायकांना तो या ना त्या रूपाने होतो, आणि पंचवीस जणींना कामधाम सुचू नये इतका होतो, असा त्यांचा अंदाज आहे.

नाव मिळाले म्हणून सगळीच दुखणी त्यात कोंबू नयेत. पुण्याजवळच्या भिगवण गावात १९९६ साली डॉक्टर अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढ माणसांची पाहणी केली. ७४६ जणांना, म्हणजे शेकडा १८.२ लोकांना, सांध्यास्नायूंचे काही ना काही दुखणे होते. पण आमवात, ज्याला डॉक्टर र्‍हूमॅटॉइड म्हणतात, तो शेकडा अर्ध्याच्याच आसपास निघाला. हा थोडक्यांचा रोग पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने होतो, आणि बहुधा याच वयाच्या आगेमागे धरतो. त्याची खूण साधी आहे. पाळीच्या काळातले आखडणे बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटते. आमवाताचे तासभर नि त्याहून अधिक राहते, सांधे सुजतात, दोन्ही हातांची बोटे सारखीच धरतात. त्याला औषधे आहेत, पण ती वेळेवर सुरू व्हावी लागतात.

माझ्या नात्यातल्या एका बाईंचे हात सकाळी दहापर्यंत उघडत नसत. त्यांना दोन ठिकाणी सांगण्यात आले की पाळी जायच्या वेळेला असे व्हायचेच, कॅल्शियम घ्या. किती वेळ आखडतात, हे कोणी विचारले नाही. दोन वर्षांनी तिसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी ते विचारले आणि रक्त तपासायला पाठवले. औषधाने सूज उतरली, पण उजव्या हाताची दोन बोटे तोवर वाकडी झाली होती. बाई आता पोळ्या डाव्या हाताने लाटतात.